चार अंशांवर उकळलेला चहा

पाठीवर काचेची खिडकी असलेलं झुरळ तुम्ही कधी पाहिलंय? काळं, चपटं, दोन्ही बाजूंना चंदेरी पायांची रांग. ऐन उमेदीची वर्षं मी असल्या झुरळांवर पोट भरलं. सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही त्यांना शिकवून शहाणं करायचो आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या यंत्रांत नेऊन बसवायचो. हे ऐंशीचं दशक. नाशकात कॉम्प्युटर म्हटलं की लोक आदराने चपला काढायचे. खरोखर काढायचे, धूळ आत गेली तर आकडे बिघडतात, अशी समजूत होती आणि ती आम्हीच पसरवली होती.

झुरळ म्हणजे मेमरीची चिप. आमचा प्रोग्रॅम तिच्यात कायमचा भरलेला असे. खिडकीतून विशिष्ट दिव्याचा झोत टाकला की सगळं पुसून पाटी कोरी. म्हणून प्रोग्रॅम भरला की खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावायची. ती का लावायची हे आम्ही गिऱ्हाइकांना सांगत नसू. धंद्यात थोडं गूढ लागतं. त्याचा प्रसाद सायखेड्याच्या एका बागाईतदाराने दिला. त्याच्या पंपावर आमचं यंत्र होतं. उन्हाळ्यात माणूस थेट शेडच्या दारात हजर.

"तुमचं मशीन समदं विसरलं हो!"

"विसरलं म्हणजे?"

"म्हंजे माझा बाप म्हातारपणी विसरायचा तसं. दिवा लागतो, पन काम काय ते आठवत नाय."

जाऊन पाहिलं तर यंत्राचं झाकण उघडं, चिकटपट्टी गायब आणि खिडकीवर आठवड्यांमागून आठवडे सायखेड्याचं कडक ऊन. "पट्टी कुणी काढली?" "मीच. आत काय हाय ते बघाया." "काय दिसलं?" "काय नाय. पन उघडंच ठेवलं, वारा लागंल म्हनून. लय गरम व्हायचं हो ते." एवढ्या प्रेमाने आजवर कोणी आमचा प्रोग्रॅम मारला नव्हता.

असे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत आणि लग्नकार्यात मी ते साभिनय करतो. पण संपादकांनी 'धंद्यातलं काही खरं लिहा' म्हटलं, तेव्हा डोळ्यांसमोर आलं ते चांदवड. तो किस्सा मी लग्नात अर्धाच सांगतो. इथे पुरा लिहितो.

त्यासाठी आधी धंद्यातली एकच गोष्ट समजून घ्या. प्रोग्रॅम म्हणजे हुकमांची रांग, आणि प्रत्येक हुकूम म्हणजे एक आकडा. तो आकडा वाचून हुकूम पाळणारी चिप वेगळी. तिला यंत्राचा मेंदू म्हणा. आमच्या जुन्या पॅनलमध्ये, म्हणजे यंत्राच्या डब्यात, हा मेंदू ८०८५ नावाचा होता आणि नव्या पॅनलमध्ये झेड-८०. दोघे चुलतभाऊ. बहुतेक आकड्यांचा अर्थ दोघांना एकच, पण झेड-८० थोडा जास्त शिकलेला, म्हणून त्याला चार आकडे जास्त कळायचे. त्यांतलाच एखादा आकडा ८०८५ ला दिला तर तो 'मला कळलं नाही' असं म्हणत नाही. भलतंच काहीतरी करतो आणि पुढे चालू लागतो.

त्यामुळे प्रोग्रॅम तयार करताना पहिल्या ओळीत सांगावं लागे, की बाबा, हे कोणत्या मेंदूसाठी चाललंय. आम्ही त्याला 'चिपची जात' म्हणायचो. शब्द चांगला नव्हता, पण शेडमध्ये रूढ झाला होता. ती एक ओळ बघून ऑफिसमधला कॉम्प्युटर ठरवायचा, कुठे कोणते आकडे घालायचे. ओळ चुकली तरी काम अडत नसे. चिप भरली जाई, सॉकेटमध्ये फिट्ट बसे, दिवाही लागे. किल्ली कुलपात जाते, फिरतेसुद्धा. फक्त आत काय उघडलं ते कोणाला दिसत नाही.

शेडमध्ये कॉम्प्युटर एकच, प्रोग्रॅमची मूळ प्रतही एकच. ज्याने शेवटचं काम केलं त्याची ओळ तशीच राहायची. पुढच्याने आपली आपण बदलून घ्यायची, हा रिवाज. चाचणीसाठी टेबलावर दोन्ही जातींचं एकेक पॅनल ठेवलेलं असे. 'असे' म्हणतोय, कारण आमचे मालक अण्णा हे अत्यंत उत्साही गृहस्थ होते. एका गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून त्यांनी चाचणीचं ८०८५ पॅनलच पुसून, रंग मारून विकून टाकलं. "टेबलावर ठेवून काय अंडी घालणार आहे का ते?" असं म्हणाले. आम्ही हसलो. मीच सगळ्यात मोठ्याने हसलो, कारण अण्णांची नक्कल मला फार छान जमायची.

आता चांदवड. हायवेला लागून तिथल्या सहकारी दूध संस्थेचं शीतकरण केंद्र होतं. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं, मोठ्या टाकीत पडायचं, तिथे थंड करून ठेवायचं आणि मग टँकरने पुढे. टाकीवर आमचं जुनं ८०८५ पॅनल. दुधात बुडवलेल्या सळईवरून ते तापमान वाचायचं, काचेवर आकडा दाखवायचं, दूध चार अंशांच्या वर जायला लागलं की कॉम्प्रेसर चालू करायचं आणि चारवर आलं की बंद. कॉम्प्रेसर कशाने अडकला तर घंटा वाजवायची, ही सोय नवीन होती. आमचे सीनियर महाजन यांनी ती लिहिली, तिची चिप भरली आणि स्वतः जाऊन बसवून आले. मी तेव्हा मालेगावला दुसऱ्या कामावर होतो.

पॅनल सांभाळायला संस्थेने एक ऑपरेटर नेमला होता, रमेश पगारे. आयटीआय झालेला, तिशीच्या आतला, इस्त्रीच्या शर्टाचा. गावातल्या बौद्धवाड्यातला, संस्थेच्या पगारावर त्या वस्तीतला तो पहिलाच. कायम व्हायला काही महिने बाकी होते. पॅनलवर रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने हात फिरवायचा. मला म्हणायचा, "साहेब, गाडी आपली नाही, पण ड्रायव्हर तर मीच ना?"

मे महिन्यात एका दुपारी टाकीतलं सगळं दूध नासलं. संध्याकाळी टँकर आला, तपासणीत दूध फाटलं, आणि आख्खी टाकी हायवेच्या कडेच्या नाल्यात सोडावी लागली. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा नाला पांढरा होता आणि वास हायवेपर्यंत येत होता. कुत्रीसुद्धा लांब बसली होती.

कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजने बंद पडला होता, एवढं उघड होतं. प्रश्न एकच: ऑपरेटर काय करत होता? संस्थेने उत्तर आधीच काढलं होतं. दुपार, उन्हाळा, खुर्ची. झोपला. दुसरं काय?

मी पॅनल तपासलं. उत्तम चालत होतं. पगारे माझ्यामागे उभा.

"आत्ता चालणारच साहेब. संध्याकाळी सेक्रेटरींनी स्विच बंद करून परत चालू केला, तेव्हा लगेच खरा आकडा आला. त्याआधी काच चार दाखवत होती. पूर्ण दुपारभर चार."

"कॉम्प्रेसर बंद पडलाय हे कानाला नाही कळलं?"

"चारवर आलं की तो आपोआप बंद होतोच की. काच चार म्हणते, कॉम्प्रेसर गप्प आहे. मला वाटलं सगळं बरोबर चाललंय. तुम्हाला काय वाटलं असतं?"

मला तेच वाटलं असतं.

"तुम्ही तरी म्हणू नका, झोपलो होतो म्हणून," तो म्हणाला. "सेक्रेटरी म्हणतात, झोप लागली असं लिहून दे, माफी माग, पंधरा दिवस बिनपगारी करून परत घेऊ. मी नाही लिहिणार. आमच्यातला एक झोपला की सगळी वस्ती झोपाळू ठरते."

"एखादं बटण दाबून बघितलं होतंस का?"

"दोनदा. काहीच नाही. म्हटलं काम करत असेल, कशाला त्रास द्या."

बटणाला ओ न देणारं पॅनल म्हणजे मेंदू वाट चुकलेलं पॅनल. आणि काचेवरचे आकडे पेटते ठेवणारी चिप वेगळी असते. तिला नवा आकडा कोणी दिला नाही, तर ती शेवटचा आकडा निष्ठेने दाखवत राहते.

सातपूरला येऊन चांदवडच्या कामाची छापील प्रत काढली. पहिल्या ओळीत जात: झेड-८०. बाकी प्रोग्रॅम दोन्ही मेंदूंना चालणारा, जुना, सरावाचा. फक्त घंटेचा नवा तुकडा महाजनांनी दोन्ही जातींसाठी वेगळा लिहिला होता, आणि त्या ओळीमुळे चांदवडच्या चिपमध्ये झेड-८० चा तुकडा गेला होता. कॉम्प्रेसर अडकेपर्यंत त्या तुकड्याकडे जायची वेळच येत नाही. म्हणजे रोज सगळं छान चालणार, आणि ज्या दिवशी गरज पडेल नेमक्या त्याच दिवशी यंत्र बुडणार.

महाजनांना दाखवलं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पण देवरे, आपल्याकडे तर चालत होतं."

"आपल्या टेबलावर झेड-८० च होता, महाजन. दुसरा अण्णांनी विकला."

"हो ना," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावलं, मला बसायला सांगितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "देवरे, जिल्ह्यातल्या सगळ्या संस्था एकमेकांना विचारून माल घेतात. हे बाहेर पडलं तर शेड बंद. इथे किती घरं चालतात? आपण गुपचूप चिप बदलून येऊ. त्या पोराला ते माफी मागून परत घेणारच आहेत, असं तूच म्हणालास ना?"

"तो माफी मागायला तयार नाही, अण्णा."

"मागेल. माणूस मागतो." मग थांबून म्हणाले, "परवा चेअरमनसमोर बैठक आहे. मी येतोय. तू फक्त पॅनल तपासलं, ठीक आहे, एवढं सांग. खोटंही नाही ते."

खोटं नव्हतंच. पॅनल ठीक होतं.

संस्थेच्या बैठकीची खोली टाकीच्या शेजारीच होती, मधलं दार उघडं. चेअरमन आबा मधल्या खुर्चीत, धोतर, टोपी, पायांशी पितळी पिकदाणी. बाजूला सेक्रेटरी आणि चार-पाच संचालक. पगारे भिंतीला टेकून उभा, त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आबा, आधी चहा मागवा."

"मागवलाय की."

"तसा नाही. पातेल्यासकट. स्टोव्हसकट."

नाटक करायची संधी मी कधी सोडत नाही, हे अण्णांना माहीत होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडायला लागला. टाकी धुऊन रिकामी होती. मी सळई बाहेर ओढली, तिची वायर लांब होती, आणि बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बुडवली. काचेवर आकडा उतरत उतरत चारवर आला. बादलीतून काढून जरा हवेत धरली, आकडा चारवरून हलायच्या आतच कॉम्प्रेसर सुरू झाला. "पगारे, स्टार्टरचं लाल बटण दाब." त्याने दाबलं. कॉम्प्रेसर गप्प झाला, त्या दुपारी झाला होता तसाच. घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही.

मग मी ती सळई उकळत्या चहात घातली.

सगळे उठून पॅनलपाशी आले. पातेल्यात चहा उसळत होता, पगारेने भाजू नये म्हणून फडक्याने वायर धरली होती, आणि काचेवर लालभडक आकडा होता: चार.

"ह्यो चहा चार डिग्रीवर हाय?" आबांनी विचारलं.

"तुमच्या पॅनलच्या मते, आबा. फ्रिजमधल्यासारखा गार."

आबांनी सळई काढायला लावली, बशीत चहा ओतला आणि फुंकर न मारता घोट घेतला. जीभ भाजली. "आयला!" म्हणून त्यांनी बशी ठेवली, आणि सगळी खोली हसायला लागली. संचालक हसले, सेक्रेटरी हसला, मीही हसलो. पगारेसुद्धा हसला. लग्नात मी किस्सा इथपर्यंतच सांगतो.

"म्हंजी गडी जागा होता," आबा म्हणाले.

"पूर्ण जागा होता, आबा. चूक आमच्या शेडमध्ये झाली. चिप दुसऱ्या जातीच्या मेंदूसाठी भरली गेली."

पगारे माझ्याकडे वळला. "तुमच्यात पण आधी जात विचारतात का, साहेब?" तो गमतीनेच म्हणाला. या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

अण्णा उठले. चिप लगेच बदलून देतो, फुकट देतो, वर्षभर देखभाल बघतो, असं सगळं एका दमात म्हणाले. आबांनी हात वर केला.

"नको. काढा ते. आजच काढा. चहाला गार म्हननारं यंत्र माझ्या दुधावर नको." मग सेक्रेटरीला, "जुना काचेचा थर्मामीटर हाय ना कपाटात? लावा. आपला वॉचमन बघत जाईल येता-जाता."

"आणि पगारे?" मी विचारलं.

सेक्रेटरीने घसा साफ केला. "त्याच्यावरचा ठपका काढला. पण त्याची नेमणूक पॅनल ऑपरेटर म्हणून होती ना. पॅनलच नाही म्हटल्यावर जागा कुठली राहते?"

"दुसरीकडे घ्या की. कॅन मोजायला, तपासणीला."

"त्या जागा भरलेल्या हायेत," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, कीव नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं. "झोपला म्हनून लिवून दिलं असतं तर ठेवायचाच होता. आता झोपला नाय, तर ठेवायचा कशावर?"

पॅनलचे स्क्रू पगारेनेच काढून दिले. कुठला कुठे आहे ते त्यालाच माहीत होतं. अण्णा ते पॅनल मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि मला न घेता निघून गेले. पुढे झालं ते त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच झालं. एकेक संस्था गळाली, महाजन मुंबईला गेले आणि शेडमध्ये दुसऱ्या कोणाचं तरी पत्र्याच्या डब्यांचं काम सुरू झालं. शेवटच्या वर्षात आम्ही प्रत्येक चिपवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो, हिरवा एका जातीला, लाल दुसरीला. पद्धत उत्तम होती. चिपा फारशा उरल्या नव्हत्या.

त्या दिवशी मी एसटी स्टँडकडे निघालो तर पगारे सोबत आला. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "साहेब, गाडीला वेळ आहे. पाच मिनिटं घरी चला. बायकोला तुमच्या तोंडून सांगा. तिलाही वाटतंय, झोपलो होतो. तोंडावर बोलत नाही, पण वाटतंय."

बौद्धवाड्यात दोन खोल्यांचं घर, दारात धुतलेल्या कपड्यांची दोरी. त्याची बायको सुमन पदर सावरत बाहेर आली. मला खुर्ची दिली, तिघांत ती एकच होती. मी सांगायला सुरुवात केली, आणि काय सांगू, पुन्हा रंगात आलो. बादली, लाल बटण, उसळता चहा, काचेवरचा चार, आबांची भाजलेली जीभ. तिने तोंडावर पदर धरला आणि पोट धरून हसली. मग नवऱ्याकडे बघितलं. बघणं लांबलं. तो भिंतीकडे बघत होता.

"नळावर बाया काहीबाही बोलायच्या," ती हळूच म्हणाली. "मी ऐकून घ्यायची. मला वाटायचं, लागली असेल झोप, मान्य करून टाकावं की एकदा." डोळे पुसून ती उठली. चेहरा धुतल्यासारखा मोकळा झाला होता. "बरं झालं, साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग उद्या कितीची ड्यूटी? सकाळची असेल तर डब्याला पीठ आणावं लागेल."

रमेशने खाली मान घालून शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या.

मी पाणी मागितलं. तिने तांब्या आणून दिला आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. उत्तर माझ्याकडून येणार, असंच तिला वाटत होतं. इतका वेळ बोलत मीच होतो.